जुन्या लॅपटॉपला पेलेल असा मॉड्युलर सिंथेसायझर कसा निवडावा

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत संगीताचे काम करणाऱ्या तरुणांकडे जो संगणक असतो, तो बहुतेक वेळा शिक्षणासाठी किंवा कार्यालयीन कामासाठी घेतलेला आणि काही वर्षे वापरून झालेला लॅपटॉप असतो. डबलबारीच्या ध्वनिमुद्रणाला स्वरांची पार्श्वभूमी देणे, दशावतारातील राक्षसाच्या प्रवेशासाठी घुमणारा ध्वनी तयार करणे, नमनाच्या गाण्यात मृदंगाखाली एक मंद स्वर धरून ठेवणे, अशा कामांसाठी सॉफ्टवेअरमधील मॉड्युलर सिंथेसायझर हे फार समर्थ साधन आहे. मात्र तो उतरवून घेऊन चार-पाच मॉड्यूल जोडली, की आवाज तडतडू लागतो, मध्येच तुटतो, पंखा जोरात फिरू लागतो आणि नवा लॅपटॉप घेतल्याशिवाय हे जमणार नाही, अशी समजूत होऊन बसते. माझ्या मते बहुतेकदा दोष लॅपटॉपचा नसतो. सिंथेसायझर पडद्यावर कसा दिसतो, हे पाहून तो निवडला जातो आणि आतमध्ये तो गणित कसे करतो, याकडे लक्षच दिले जात नाही. या लेखात भर आहे तो या दुसऱ्या गोष्टीवर.

मॉड्युलर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. ध्वनिलहर निर्माण करणारा ऑसिलेटर, तिला आकार देणारा फिल्टर, तिची पातळी नियंत्रित करणारा अँप्लिफायर आणि या सर्वांना हळूहळू हलवणारी नियंत्रणे असे सुटे भाग, म्हणजेच मॉड्यूल, असतात आणि ते केबलने आपण आपल्याला हवे तसे जोडतो. अशा जोडणीला पॅच म्हणतात. रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये असे यंत्र प्रत्यक्षात आणले. आजची सॉफ्टवेअर तीच रचना संगणकाच्या आत उभी करतात, फक्त विजेच्या दाबाच्या जागी आकडे असतात.

पहिली पायरी: लॅपटॉप कोणत्या परिस्थितीत चालणार आहे, ते आधी ठरवा

चार्जर जोडलेला असताना उत्तम चालणारा पॅच बॅटरीवर तुटू शकतो, कारण बॅटरी वाचवण्यासाठी बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरचा वेग आपणहून खाली आणतात. पावसाळ्यात वाऱ्याने फांदी तारेवर पडली की आपल्याकडे वीज केव्हा येईल, हे सांगता येत नाही आणि गणपतीपूर्वीच्या तालमी तर नेमक्या त्याच दिवसांत असतात. म्हणून निवडीची चाचणी चार्जर काढूनच घ्यावी. विंडोजमध्ये पॉवर मोड सर्वाधिक कार्यक्षमतेवर ठेवावा आणि तरीही जो वेग मिळेल, तोच आपला खरा वेग मानावा.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. प्रोसेसर ठरावीक तापमानापुढे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मे महिन्यात मालवण किंवा गुहागरच्या बंद खोलीत हे लवकर घडते आणि समुद्राकडच्या खारट, दमट हवेत धूळ पंख्याच्या जाळीला चिकटून बसत असल्यामुळे परिणाम आणखी वाढतो. सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वी जाणत्या दुरुस्तीकाराकडून पंखा साफ करून घ्यावा आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता बाहेर नेणारा लेप, बदलून घ्यावी. या खर्चाने जितका फरक पडतो, तितका पुष्कळदा कोणत्याही सेटिंगने पडत नाही. उष्णता साठायला वेळ लागतो, त्यामुळे चाचणी किमान अर्धा तास सलग चालू ठेवावी. पहिल्या पाच मिनिटांतला आकडा फसवा असतो.

दुसरी पायरी: प्रोसेसरची शक्ती कुठे खर्च होते, ते समजून घ्या

सॅम्पल रेट ४८,००० असेल, तर संगणकाला ध्वनीचा नवा आकडा एका सेकंदात ४८,००० वेळा तयार ठेवावा लागतो. म्हणजे प्रत्येक आकड्यासाठी जेमतेम २०.८ मायक्रोसेकंद मिळतात आणि तेवढ्यात पॅचमधल्या प्रत्येक मॉड्यूलचे गणित पूर्ण व्हावे लागते. ते वेळेत झाले नाही की तडतड ऐकू येते.

येथे बफर, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या आकड्यांचा छोटा साठा, मदतीला येतो, पण त्याविषयी फार गैरसमज आहेत. पोफळीच्या बागेत रहाटाचे पाणी आधी दोणीत पडते आणि दोणीतून पाटाने झाडांना जाते. दोण मोठी असेल, तर रहाट क्षणभर अडखळला तरी पाट वाहता राहतो, मात्र पहिले पाणी झाडापर्यंत उशिरा पोहोचते आणि दोण मोठी केल्याने रहाटाची ताकद काही वाढत नाही. बफरचे अगदी तसेच आहे. ४८,००० सॅम्पल रेटला २५६ चा बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा विलंब आणि १,०२४ चा बफर म्हणजे सुमारे २१.३ मिलिसेकंदांचा. क्षणिक अडथळे बफर झाकतो. गणितच सरासरीने वेळेपेक्षा जास्त लागत असेल, तर बफर कितीही वाढवला तरी आवाज तुटणारच.

मग गणित कमी कसे होते? याचे उत्तर सॉफ्टवेअरच्या मूळ रचनेत असते. काही सॉफ्टवेअर प्रत्येक आकड्यासाठी सगळ्या मॉड्यूलना एकदा फिरून भेट देतात. काही सॉफ्टवेअर ६४ आकड्यांचा गठ्ठा एका मॉड्यूलकडून एकदम करून घेतात आणि मग पुढच्या मॉड्यूलकडे वळतात. दुसऱ्या पद्धतीत प्रोसेसरची धावपळ खूप वाचते. पहिल्या पद्धतीत केबल कोणत्याही क्षणी कुठेही जोडता येते आणि स्वतःकडेच परत येणारी जोडणीही अचूक चालते. हलकेपणा आणि मोकळीक यांतला हा व्यवहार एकदा लक्षात आला, की निवडीचा अर्धा प्रश्न सुटतो.

उरलेल्या अर्ध्यात तीन गोष्टी येतात. पहिली ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे आवाज स्वच्छ राहावा म्हणून आतले गणित दुप्पट किंवा चौपट वेगाने करणे, त्यामुळे खर्चही साधारण त्याच पटीत वाढतो. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या विद्युत मंडलांची हुबेहूब नक्कल करणारे फिल्टर. ते ऐकायला सुंदर असतात, पण प्रोसेसरला जड जातात. तिसरी गोष्ट पडद्याची. चकाकणारे दिवे, हलणारे आलेख आणि झुलणाऱ्या केबली रंगवण्याचे काम ग्राफिक्स चिपवर पडते, आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ती चिप प्रोसेसरमध्येच असल्याने उष्णता आणि वीज दोन्ही सामाईक असतात. रॅमचा या सगळ्याशी फारसा संबंध नाही, त्यामुळे केवळ यासाठी रॅम वाढवण्यावर पैसे घालवू नयेत.

तिसरी पायरी: पर्याय पारखून घ्या

सर्वांत जुन्या लॅपटॉपसाठी मी प्रथम सनवॉक्स सुचवतो. अलेक्झांडर झोलोतोव्ह यांनी केलेले हे सॉफ्टवेअर पूर्वीच्या हातात मावणाऱ्या छोट्या संगणकांवरही चालत असे आणि तो हलकेपणा त्याने आजही सोडलेला नाही. विंडोज, लिनक्स आणि मॅकवर ते विनामूल्य मिळते, अँड्रॉइड फोनसाठी मात्र पैसे मोजावे लागतात. त्यातली मॉड्यूल म्हणजे साध्या चौकटी असतात आणि त्या रेषांनी जोडल्या जातात. ॲनालॉग जनरेटर या मॉड्यूलमध्ये एकाच वेळी किती स्वर वाजावेत, हे ठरवता येते, शिवाय उच्च किंवा कमी दर्जा आणि स्टिरिओ किंवा मोनो यांची निवडही तिथेच असते. धरून ठेवलेल्या पार्श्वस्वराला कमी दर्जाचा मोनो पुष्कळदा पुरतो. सनवॉक्सची उणीव अशी, की खऱ्या मॉड्युलर यंत्राप्रमाणे कुठलीही केबल कुठेही खुपसण्याची सोय तिथे नाही. नियंत्रणासाठी वेगळी मॉड्यूल वापरावी लागतात आणि ती पद्धत अंगवळणी पडायला थोडे दिवस द्यावे लागतात.

प्युअर डेटा हे मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेले विनामूल्य आणि मुक्त स्रोताचे सॉफ्टवेअर आहे. ते ६४ आकड्यांच्या गठ्ठ्याने काम करते, त्याचा पडदा आणि ध्वनीचे गणित या दोन स्वतंत्र प्रक्रिया असतात आणि पडद्याशिवायही ते चालू करता येते. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावरही ते समाधानाने चालते. त्यात पॅचचा एखादा भाग ‘स्विच’ या वस्तूने पूर्ण बंद ठेवता येतो आणि बंद भागाचे गणित होतच नाही. बाजारातल्या अनेक महागड्या सिंथेसायझरमध्ये शांत असलेला भागही प्रोसेसर खात राहतो, म्हणून हा गुण मला मोलाचा वाटतो. सगळे मुळापासून बांधावे लागते, ही त्याची अडचण. ज्याला बांधण्यातच आनंद आहे, त्याच्यासाठी याहून चांगली शाळा नाही.

व्हीसीव्ही रॅक हे अँड्र्यू बेल्ट यांचे सॉफ्टवेअर २०१७ मध्ये आले आणि त्याची दुसरी आवृत्ती २०२१ मध्ये. पडद्यावर खऱ्या रॅकसारखी पट्टी दिसते, हजारो मॉड्यूल मिळतात आणि शिकण्यासाठी ते उत्कृष्ट आहे. ते पहिल्या पद्धतीचे, म्हणजे आकड्यागणिक सर्व मॉड्यूलना भेट देणारे असल्याने स्वभावतः जड आहे. पण योग्य मॉड्यूल निवडली, तर मध्यम लॅपटॉपवरही ते नीट चालवता येते. बोगऑडिओची मॉड्यूल हलकी म्हणून ओळखली जातात. स्क्विंकी लॅब्जचे फंक्शनल व्हीसीओ-१ तर रॅकच्या मूळ ऑसिलेटरला कमी खर्चाचा पर्याय म्हणूनच तयार केले गेले. एकाच केबलमधून १६ पर्यंत स्वर नेण्याची सोय रॅकमध्ये आहे आणि प्रोसेसर एका आज्ञेत चार आकडे हाताळू शकत असल्याने, त्या दृष्टीने लिहिलेल्या मॉड्यूलमध्ये चार स्वरांचा खर्च एका स्वराहून थोडाच अधिक असतो. चार वेगळे ऑसिलेटर मांडण्यापेक्षा चार स्वरांचा एकच ऑसिलेटर वापरणे, ही रॅकमधली सर्वांत मोठी बचत आहे.

कार्डिनल हा रॅकवरच आधारलेला विनामूल्य, मुक्त स्रोताचा अवतार आहे. त्याला खाते काढावे लागत नाही, निवडक मॉड्यूलचा मोठा संच त्यात आधीच भरलेला असतो आणि ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन म्हणून, म्हणजे त्याच्या आतच, तो विनामूल्य चालतो. रॅकच्या विनामूल्य आवृत्तीत ही प्लगइनची सोय नाही. ज्या वाडीत इंटरनेट धड नाही, तिथे एकदा उतरवून पेनड्राइव्हवर नेता येणारा कार्डिनल मला अधिक सोयीचा वाटतो. गणिताचा भार मात्र रॅकच्याच जातीचा आहे, हे विसरू नये.

ज्यांच्याकडे बिटविग स्टुडिओ हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर आधीपासून आहे, त्यांना २०१९ मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर आलेले ग्रिड हे मॉड्युलर साधन हाताशीच असते. त्याचा आवाज स्वच्छ आहे, पण आतले गणित चौपट ओव्हरसॅम्पलिंगने होते, म्हणून स्वरांची संख्या जपून ठेवावी. रिॲक्टरचे ब्लॉक्स आणि सॉफ्टट्यूबचे मॉड्युलर ही दर्जेदार साधने आहेत, परंतु जुन्या लॅपटॉपसाठी ती पहिली निवड नव्हे. सॉफ्टट्यूब डोएफर या कंपनीच्या प्रत्यक्षातल्या मॉड्यूलच्या मंडलांचे अनुकरण करते आणि त्या बारकाव्याची किंमत प्रोसेसर मोजतो. कोड लिहायला न बिचकणाऱ्यांनी जेम्स मॅकार्टनी यांचे सुपरकोलायडर अवश्य पाहावे. त्यात हळू बदलणारी नियंत्रणे ६४ आकड्यांत एकदाच मोजायची की प्रत्येक आकड्याला, हे आपण स्वतः ठरवतो आणि एवढ्या एका निवडीने भार ठळकपणे उतरतो.

चौथी पायरी: एकच पॅच सर्वांमध्ये बांधून तुलना करा

दोन सॉफ्टवेअरची तुलना त्यांच्याबरोबर आलेल्या नमुना पॅचवरून करणे व्यर्थ आहे, कारण ते पॅच भिन्न असतात. आपल्या उपयोगाचा एक पॅच ठरवून तोच सगळीकडे बांधावा. मी यासाठी तानपुऱ्याचा पॅच सुचवतो, कारण भजनापासून नाट्यगीतापर्यंत तो सर्वांना लागतो आणि त्यात आपल्या कानाला फसवणे कठीण असते.

काळी एक हा षड्ज धरू. मधल्या दोन जोडीच्या तारा १३८.६ हर्ट्झ, मंद्र पंचम १०३.९ हर्ट्झ आणि खर्ज ६९.३ हर्ट्झ असे चार स्वर लागतात. रॅक आणि कार्डिनलमध्ये एका सप्तकाला एक व्होल्ट असे प्रमाण असल्याने ऑसिलेटर १३८.६ हर्ट्झवर लावून जोडीच्या तारांना शून्य, पंचमाला उणे ०.४१५ आणि खर्जाला उणे १ व्होल्ट द्यावा. हा पंचम तानपुऱ्याचा शुद्ध पंचम आहे. साथीला पेटी असेल, तर तिचा पंचम किंचित वेगळा असतो आणि तेव्हा उणे ०.४१७ व्होल्ट ठेवावा. फरक दोनच सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आहे, पण २०८ हर्ट्झच्या आसपास तो चार सेकंदांत एक हेलकावा देतो आणि संथ आलापात तो कानाला जाणवतो.

आता हाच पॅच तीन पद्धतींनी बांधता येतो आणि खर्चातला फरक येथे उघड दिसतो. पहिली पद्धत प्रत्येक तारेसाठी वीस शुद्ध स्वर एकत्र करण्याची. चार तारांचे ऐंशी ऑसिलेटर होतात आणि जुना लॅपटॉप येथे बहुधा माघार घेतो. दुसरी पद्धत करवती लहर फिल्टरमधून नेण्याची. चार स्वरांचा एक ऑसिलेटर, एक फिल्टर आणि एक अँप्लिफायर एवढ्यावर काम भागते, पण तारेचा छेडलेपणा तिच्यात कमी उतरतो. तिसरी पद्धत कार्प्लस आणि स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेली आहे. खरखरीचा एक छोटा तुकडा विलंबाच्या चक्रात सोडायचा आणि प्रत्येक फेरीत तो किंचित मऊ करायचा. एवढ्यानेच छेडलेल्या तारेचा आवाज येतो आणि गणित अगदी थोडे लागते. कमी शक्तीच्या संगणकासाठी मी हीच पद्धत निवडतो.

तिच्यात एक खाचखळगा आहे आणि तो सॉफ्टवेअरच्या रचनेशी थेट जोडलेला आहे. ४८,००० सॅम्पल रेटला १३८.६ हर्ट्झच्या तारेसाठी चक्राची लांबी सुमारे ३४६ आकड्यांची असते. रॅकमध्ये प्रत्येक केबल एका आकड्याचा विलंब घालते. चक्रात तीन केबली असतील, तर लांबी ३४९ होते आणि तार सुमारे १५ सेंटने उतरते. तेवढी ती पुन्हा चढवून घ्यावी लागते. प्युअर डेटामध्ये अडचण वेगळी आहे. गठ्ठा ६४ चा असल्याने असे चक्र त्याहून आखूड करता येत नाही, म्हणजे ७५० हर्ट्झच्या वरची तार बांधताच येत नाही. ती हवी असेल, तर त्या भागापुरता गठ्ठा लहान करावा लागतो आणि तसा भार वाढतो. तानपुऱ्याच्या चारही तारा या मर्यादेच्या बऱ्याच खाली असल्याने प्युअर डेटा येथे निर्धास्तपणे वापरावा.

पाचवी पायरी: मीटर वाचा आणि भार उतरवा

रॅकमध्ये इंजिनच्या मेनूतून परफॉर्मन्स मीटर चालू केले, की प्रत्येक मॉड्यूल किती शक्ती घेते, ते त्याच्यावरच दिसते. प्युअर डेटामध्ये मीडियाच्या मेनूत लोड मीटर आहे. सुपरकोलायडर सरासरी आणि कमाल असे दोन्ही आकडे दाखवते आणि यातला कमाल आकडा महत्त्वाचा, कारण आवाज तुटतो तो सरासरीमुळे नव्हे, एखाद्या उंच टोकामुळे. चाचणीत भार निम्म्याच्या आसपास राहील, असा पॅच प्रत्यक्ष वापरासाठी घ्यावा. उरलेली शक्ती उष्णता, बॅटरी आणि मागे चालणाऱ्या इतर कामांसाठी राखीव असू द्यावी. पाहून झाल्यावर मीटर बंद करावे, कारण मोजण्यालाही थोडी शक्ती लागते.

भार उतरवताना आधी रॅकचा फ्रेम रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा रंगवायचा तो आकडा, कमी करावा. आवाजावर काहीच परिणाम होत नाही आणि लॅपटॉप लगेच थंड पडू लागतो. त्यानंतर सॅम्पल रेट ४८,००० किंवा ४४,१०० वर आणावा. ९६,००० वर ठेवण्याने खर्च दुप्पट होतो आणि मंडपातल्या कर्ण्यावर त्याचा लाभ ऐकू येत नाही. इंजिनच्या थ्रेडची, म्हणजे गणित एकाच वेळी वाटून करणाऱ्या धाग्यांची, संख्या वाढवली की वेग वाढतो, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात जास्त थ्रेड एकमेकांची वाट पाहताना वीज आणि उष्णता खर्च करतात, म्हणून आवाज न तुटता चालेल अशी सर्वांत कमी संख्या ठेवावी. प्रत्येक तारेला वेगळा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमणे देणारे मॉड्यूल, जोडू नये. सर्व तारा एकत्र करून शेवटी एकच रिव्हर्ब द्यावा. ऑसिलोस्कोपसारखी केवळ पाहण्याची मॉड्यूल काम झाल्यावर काढून टाकावीत आणि न लागणारी मॉड्यूल बायपास करावीत.

एक लक्षण वेगळे ओळखता यावे. स्वर विरून शांतता झाली आणि त्याच वेळी भार मात्र वाढला, तर चक्रात अतिसूक्ष्म आकडे फिरत आहेत, असे समजावे. काही प्रोसेसरना असे आकडे हाताळायला नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ लागतो. बहुतेक आधुनिक सॉफ्टवेअर ते शून्य करून टाकतात, पण एखादे जुने मॉड्यूल तसे करत नाही. त्या वेळी मॉड्यूल बदलावे किंवा चक्रात ऐकू न येण्याइतकी क्षीण खरखर सोडावी.

विंडोजवर तडतड राहिलीच आणि मीटरवरचा भार मात्र कमी दिसत असेल, तर दोष सिंथेसायझरचा नाही. वाय-फाय बंद करून पाहावे आणि ध्वनीसाठी ॲसिओ ड्रायव्हर, म्हणजे कमी विलंबाने आवाज पोहोचवणारा दुवा, वापरावा. लॅपटॉपच्या ध्वनिचिपला स्वतःचा तसा ड्रायव्हर नसेल, तर ॲसिओ-फॉर-ऑल चालते.

प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी

पॅच पसंतीला उतरला की काळी एक, पांढरी दोन अशा लागणाऱ्या प्रत्येक पट्टीत तो दहा-दहा मिनिटे मुद्रित करून ठेवावा. रॅकमध्ये त्यासाठी रेकॉर्डर मॉड्यूल आहे. मुद्रित ध्वनी वाजवायला प्रोसेसर जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे तानपुरा फाइलमधून चालू ठेवून वाचलेली सगळी शक्ती त्या क्षणी हाताने घडवायच्या आवाजांना देता येते. राक्षसाच्या प्रवेशाला फिल्टर हाताने उघडत नेणे, पखवाजाच्या लयीवर प्रतिध्वनी वाढवणे, ही कामे मुद्रित ध्वनीने साधत नाहीत आणि मॉड्युलर सिंथेसायझर रंगमंचावर न्यायचा तो याचसाठी. फाइलची एक प्रत फोनमध्येही ठेवावी आणि फोनची केबल मिक्सरच्या दुसऱ्या वाहिनीला आधीच जोडून ठेवावी.